सतरा नंबरचा खांब

आमच्या घरमालकांना तोंडी कारभार चालत नसे. सांगायला हरकत नव्हती, पण समोरच्यानं काय ऐकलं ते त्यानं परत म्हणून दाखवायचं, असा त्या घराचा कायदा होता. मी राहायला गेले त्या पहिल्याच दिवशी बॅग टेकवून "काका, मी आंघोळीला जाते, गीझर लावते," असं म्हणाले, तर हॉलमधून आवाज आला, "गीझर चालू. बाथरूममध्ये तू. बरोबर?"

"हो."

"हो नाही. परत म्हण."

मी टॉवेल खांद्यावर टाकून उभी. दिवसभर सामान ओढून कंबर मोडलेली, आणि हा माणूस मला दुसरीतल्या मुलीसारखं पाठ म्हणायला लावतोय. म्हटलं, करणार काय? मुलुंडमध्ये एकट्या बाईला खोली मिळायला मला दोन महिने लागले होते. आडनाव ऐकून "कळवतो हं" म्हणणारी तीन घरं झाली होती. यांनी आडनाव विचारलं ते फक्त वहीत लिहायला.

ती वही फोनशेजारी असायची. लांबट, जाड पुठ्ठ्याची, पेन दोरीनं बांधलेलं. कोण, किती वाजता, काय म्हणालं, आणि खाली ऐकणाऱ्याची सही. सकाळी सात दहा, दूधवाला, उद्या दोन पिशव्या, सही काकू. लग्नाचं आमंत्रण आलं तरी वहीत, कुणी गेल्याची बातमी आली तरी वहीत. एकदा माझ्या आईचा फोन त्यांनी घेतला. तिनं नुसतं "पोरगी जेवते ना वेळेवर?" एवढं विचारलं होतं. मी लॅबमधून आले तर वहीत तो प्रश्न लिहिलेला आणि पुढं रिकामी जागा. उत्तर लिहून सही केल्याशिवाय मला खोलीत जाऊ दिलं नाही.

'बहुतेक' हा शब्द त्या घरात शिवीसारखा होता. बेसिन गळायला लागलं तेव्हा प्लंबर आला. "साहेब, गच्चीवरचा कॉक बहुतेक बंद केलाय," असं तो सहज म्हणाला आणि काकांनी त्याला तीन मजले परत चढायला लावलं. तो घाम पुसत आला आणि म्हणाला, "बंद आहे साहेब." काका म्हणाले, "कुठला कॉक?" प्लंबरनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मला हसू आवरेना. तो बिचारा परत वर गेला, आणि त्यानंतर आमच्या मजल्यावर कधी आला नाही.

काका म्हणजे उंच, हडकुळा माणूस. मान उन्हानं रापून कायमची काळी झालेली. ओव्हरहेड तारांची कामं घेणाऱ्या एका खाजगी कंपनीत त्यांची उमर गेली होती. रुळांच्या कडेला खांब उभे करायचे, त्यावर विजेच्या तारा ओढायच्या. रस्त्यानं चालतानाही नजर वर. बाजारातून घरापर्यंत कुठला खांब किती कलला आहे ते त्यांना पाठ होतं, पण समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाचं नाव विचारा, सांगता यायचं नाही. काकू कणकवलीच्या. बोलायला मोकळ्या, पण नवऱ्याच्या वहीबद्दल विचारलं की भाजी चिरता चिरता एवढंच म्हणायच्या, "पूर्वी असा नव्हता गो तो."

आणि हॉलमध्ये छोटी आगगाडी. त्या हॉलमध्ये बसायला जागाच नव्हती. दोन लोखंडी खाटांवर प्लायवूडच्या फळ्या टाकून त्यावर रूळ अंथरले होते. स्टेशन होतं, पूल होता, प्लास्टरचा डोंगर होता, भांडी घासायच्या हिरव्या घासणीची झाडं होती. पाहुणे आले की आतल्या खोलीत पलंगावर बसायचे. बिल्डिंगमधले लोक म्हणायचे, म्हातारपणी बाहुलीचा संसार मांडलाय. मला मात्र ते सगळं आवडायचं. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. कवळ्या, कॅप, वेड्यावाकड्या दातांच्या क्लिपा. त्यामुळं बारीक काम कुणी नीट केलं असलं की मला लगेच कळतं, आणि कुठं काय राहिलंय तेही.

म्हणून एकदा बोलून गेले. "काका, इंजिन विजेचं आणि वर तार नाही? ही गाडी काय हवेवर चालते?"

मी गंमतच केली होती. काकूंच्या हातातला कप बशीवर आपटला.  काकांनी गाडी थांबवली, इंजिन उचलून रुमालात गुंडाळलं आणि पेटीत ठेवलं. तीन आठवडे ते हॉलमध्ये फिरकले नाहीत. वाट लागली, आता दुसरी खोली शोधा, असं मी धरून चालले होते. तर एका रविवारी सकाळी दार वाजलं.

"तुझ्याकडं ती मऊ बारीक तार असते ना? दात बांधायची?"

"असते."

"खांब घालायचे आहेत. तारा ओढायच्या आहेत. मला हल्ली एवढं बारीक दिसत नाही."

मी "बघू" म्हणणार होते, पण तो शब्दही 'बहुतेक'च्याच जातीचा. म्हणून म्हटलं, "दर रविवारी दहा ते एक." त्यांनी वहीत लिहिलं, मी सही केली.

खांब सायकलच्या स्पोकचे केले. चार-पाच बोटं उंच. आडवा हात डाग देऊन जोडायचा, त्यावर चिनी मातीच्या कपासारखं दिसणारं इन्सुलेटर म्हणून काकूंच्या तुटलेल्या माळेतले तपकिरी मणी. वर एक तार, ती थोडी झोल खाणारी. खाली दुसरी, ती ताठ. आणि दोघींना जोडणाऱ्या बारीक उभ्या तारा, त्यांना ड्रॉपर म्हणतात. खालची तार खालून बघितली तर सरळ वाटते, पण ती प्रत्येक खांबाला एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं ओढलेली असते. इंजिनाच्या डोक्यावरची पट्टी एकाच जागी घासून झिजू नये म्हणून. हे सांगताना काका जरा खुलायचे. "सरळ ओढलीस तर दिसायला छान, पण पट्टीला खाच पडते," म्हणायचे. मग एकदम थांबून डोंगराकडं बघत राहायचे.

खांबांना नंबर होते, तेही एकपासून नाही. नऊपासून सत्तावीसपर्यंत. विचारलं तर म्हणाले, "तिथं तेवढेच होते." तिथं म्हणजे कुठं, ते सांगितलं नाही.

चौदा नंबरचा खांब त्यांनी स्वतः लावला होता आणि तो वाकडा होता. मला वाकडं बघवत नाही, धंद्याची सवय. ते चहाला आत गेले तेव्हा मी गरम टोक लावून तो सरळ केला. परत आले, बघितलं, आणि इतक्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं.

"तो वाकडाच होता! डंपरनं ठोकलेला! कुणी सांगितलं तुला हात लावायला?"

"खेळण्यातली गाडी आहे काका, ओरडता काय!"

"ही खेळण्यातली नाही."

मला असला राग आला होता की पक्कड टाकून निघून जाणार होते. पण ते स्वतःच पक्कड घेऊन खटपट करायला लागले. त्यांना तो खांब परत वाकडा करता येईना, म्हणून तो मीच केला. ते शेजारी गुडघे टेकून बसले, डोळा फळीच्या पातळीला आणला आणि दहा नंबरच्या खांबापासून डोंगराच्या दिशेनं बघत राहिले. हे ते नेहमी करायचे. आधी मला वाटायचं, तार ताठ आहे का ते बघतात. त्या दिवशी कळलं की ते तारेकडं बघतच नव्हते.

पुढच्या आठवड्यात काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटून घेतलं.

"तू हे काम लांबव गो."

"का?"

"पुरं झालं की तो एका मुलीला बोलावणार आहे. दहिसरला असते. शेवटची तार लागली की पत्र टाकणार, असं म्हणालाय. ती आली की आमचं घर मोडलं म्हणून समज."

माझ्या डोक्यात काय आलं असेल ते सांगायला नको. काकांची दहिसरची मुलगी! मी तोंडावर हात ठेवला. काकूंच्या ते लक्षात आलं आणि त्या अशा भडकल्या की थेट मालवणीत गेल्या. "तसला नाय गो! माका काय्येक विचारू नको. लांबव म्हटला तर लांबव." आणि त्यांनी उरलेले मणी माझ्यासमोर डाळीच्या डब्यात लपवले. डोळे भरून आले होते त्यांचे. रागावलेल्या बाईला नाही म्हणता येतं, घाबरलेल्या बाईला येत नाही. मी बरं म्हटलं.

पहिल्या रविवारी डोकं दुखत होतं. दुसऱ्या रविवारी लॅबमधली तार संपली होती. काकांनी ऐकून घेतलं, वही उघडली आणि माझ्यापुढं सरकवली.

"लिही. तार संपली. खाली सही कर."

मी पेन घेतलं. दोरीला हिसका बसला. तारेचं रीळ माझ्या पर्समध्ये होतं आणि पर्स माझ्या खांद्याला. तोंडानं मी दिवसाला दहा थापा मारते, त्याचं मला काही वाटत नाही. पण त्या वहीत सात दहा, दूधवाला, दोन पिशव्या असल्या खऱ्या ओळींच्या खाली ती ओळ मला लिहिता येईना.

"काय लिहून देऊ? खोटं आहे ते!" मी पेन आपटलं. "काकूंना भीती वाटते म्हणून मी थांबलेय. कोण आहे ती मुलगी? मला कळल्याशिवाय मी एक तार लावणार नाही. हे लिहून घ्या!"

त्यांनी ते खरंच लिहून घेतलं. मग खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. रुळांवरच्या तारांचं काम चालू होतं. साडेदहा ते बारा वीज बंद. काका साइटचे साहेब. दोन टोळ्या होत्या, एक सतरा नंबरच्या खांबापाशी, दुसरी आणखी लांब, सत्तावीसपाशी. बाराला सात मिनिटं कमी असताना काकांनी वॉकीटॉकीवर विचारलं, सगळे उतरले का? आवाज आला, उतरलो साहेब. कोण बोलतोय, कुठल्या खांबावरून, हे त्यांनी विचारलं नाही. परत म्हणायला लावलं नाही. चुकून वीज आली तरी माणूस वाचावा म्हणून तारेला जमिनीशी जोडून ठेवणारे दांडे तर वेळ वाचावा म्हणून त्यांनी दहा मिनिटं आधीच काढायला लावले होते. वीज सोडायला हरकत नाही, अशा कागदावर त्यांनी सही केली आणि वीज आली. उतरलो म्हणणारा माणूस सत्तावीस नंबरचा होता. सतराची बाकीची माणसं सामान घेऊन पुढं निघाली होती, एक माणूस मात्र वरच होता.

"चौकशीत मी लिहून दिलं की तो उतरला होता. मी स्वतः पाहिलं. मग माझं न ऐकता परत चढला. कंपनीलाही तेच हवं होतं. कुणी जागेवर येऊन बघितलंसुद्धा नाही. माझी सही होती ना."

 ते पुढं म्हणाले, "तीन वर्षांनी मी त्याच्या घरी गेलो होतो. सांगून टाकायचं म्हणून. दहिसरला नदीच्या बाजूला चाळ होती. दारापर्यंत गेलो. आत त्याची बायको मुलीला ओरडत होती. पोरीनं काहीतरी सांडलं होतं वाटतं. म्हणाली, 'बापावर गेलीयस. सांगितलेलं ऐकायचं नाही. त्यानं ऐकलं असतं तर आज जिवंत असता.' मी दारातूनच परत आलो."

आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. गीझर लावताना सांगितलं नाही, वहीत सही केली नाही, त्यांनीही विचारलं नाही. एका मेलेल्या माणसाच्या डोक्यावर स्वतःची चूक ठेवून हा माणूस बढत्या घेत राहिला, आणि घरात मात्र दूधवाल्याकडून सही घेतो! असा संताप होत होता मला. आणि काकूंचाही राग येत होता. पण त्याहून जास्त ती न पाहिलेली मुलगी डोक्यातून जाईना. माझेही वडील मी लहान असताना गेले. माझ्या आईनं आम्हाला त्यांच्याबद्दल जे सांगितलं त्यावर मी वाढले. ते खोटं असतं तर?

पुढचा रविवार आला. मी स्वयंपाकघरात गेले आणि डाळीचा डबा उघडला. काकू ओट्याशी उभ्या होत्या. मला वाटलं, हात धरतील. त्यांनी मणी निवडायला परात पुढं केली.

"म्हातारपणी दारात पोलीस नकोत गो, एवढंच माझं," त्या म्हणाल्या. "पण रात्रभर जागा असतो तो. मी तरी किती बघू?"

त्या दिवशी मी बाकीचे खांब पुरे करून सतरा नंबरपर्यंत आले; तो काकांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. शेवटचा ड्रॉपर बांधायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, मला पाऊण तास लागला. काका शेजारी उभे होते. बांधून झाल्यावर त्यांनी खाली वाकून बघितलं आणि आत जाऊन पत्र लिहायला बसले. चार कागद फाडले. पाचवा पाकिटात घातला. त्यात फक्त एवढंच होतं की तुझ्या वडिलांच्या कामाबद्दल तुला काही दाखवायचं आहे, सोयीनं ये.

दहिसरची ती मुलगी, सुजाता, आली ती पुढच्याच्या पुढच्या रविवारी दुपारी. तिशीची, शाळेत शिकवणारी, हसरी. हातात बिस्किटांचा पुडा. दारातच वाकून काकांच्या पाया पडली. काका मागं सरकले.

"साहेब, बाबा तुमचं नाव सारखं घ्यायचे, आई सांगते," असं म्हणत ती आत आली आणि फळीपाशी थबकली. "अगं बाई! काय झकास आहे हे! माझ्या वर्गातली पोरं वेडी होतील यार!" हे शेवटचं माझ्याकडं बघून. मला तिच्याकडं बघवेना. मी पाणी आणायला गेले तर काकू आधीच ग्लास भरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. ना पुढं येत होत्या, ना मागं जात होत्या.

काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते बसले नाहीत.

"तुझे बाबा जिथं गेले ती ही जागा आहे. मी जशी आठवते तशी केलीय. खांब न खांब मोजलेला आहे."

तिचं हसू हळूहळू गेलं, पण ती घाबरली नाही. "बाबा कुठं होते?"

"सतरा. हा. आणि मी इथं, दहा नंबरच्या खाली, सावलीत बसलो होतो." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय सांगितलं होतं तेव्हा?"

"हेच की बाबा काम संपवून उतरले होते. काहीतरी हत्यार वर राहिलं म्हणून परत चढले. तुम्ही नको म्हणालात, हाक मारलीत, पण त्यांनी ऐकलं नाही." लहानपणी पाठ झालेली कविता म्हणावी तसं ती म्हणाली. "तुम्ही एकटेच होतात ना बघणारे."

"इथं बस," काका म्हणाले. "दहा नंबरपाशी. डोळा खांबाच्या पायथ्याला आण. आणि सतरा नंबर शोध."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तिनं ओढणी सावरली, गुडघे टेकले आणि फळीला गाल लावला. पंखा आधीच बंद केला होता, तारा हलू नयेत म्हणून. 

"दहा, अकरा," ती बोटानं मोजत होती. "बारा, तेरा... हा वाकडा चौदा. पुढं डोंगर आहे."

"वळण आहे तिथं."

तिनं मान डावीकडं केली, उजवीकडं केली. एकदा थोडी उठली, परत खाली बसली. "सतरा दिसत नाही."

"नाही दिसत."

"थोडं पुढं सरकलं तर?"

"मी सरकलो नव्हतो."

ती तशीच राहिली, गाल फळीला लावून. आणि मग तिच्या आवाजात काहीतरी बदललं. "मग तुम्ही पाहिलंत कसं, साहेब?"

"पाहिलं नाही."

मला वाटलं होतं, काका रडतील, हात जोडतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. साइटवरचा रिपोर्ट वाचावा तसं सगळं सांगितलं. वॉकीटॉकी, उतरलो साहेब, दांडे, सही. एक शब्द गाळला नाही आणि स्वतःच्या बाजूचा एक शब्द घातला नाही. शेवटी म्हणाले, "ते परत चढले नव्हते. ते उतरलेच नव्हते. बाकीचं मी खोटं लिहिलं."

सुजाता उठून बसली. गालावर फळीच्या कडेचा लाल वण उठला होता.

"वर काय करत होते ते?"

"शेवटचा ड्रॉपर बांधत होते. ही उभी तार."

"कुणी सांगितलं होतं बांधायला?"

"मी."

"म्हणजे सांगितलेलं काम करत होते."

"हो."

"हे लिहून द्याल?"

काकांनी शर्टाच्या खिशातून कागद काढला. तो लिहून, सही करून तयार होता. तिनं तो दोनदा वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. मला वाटलं, आता ती उठेल, काहीतरी बोलेल, शिव्या देईल आणि जाईल. दारापाशी काकूंनी पदर तोंडात धरला होता. सुजातानं फोन काढला.

"कागद माझ्यासाठी झाला. आईला वाचता येत नाही," ती म्हणाली. "आईला तुम्ही सांगायचं. आत्ता."

काकांचा चेहरा उतरला. इतका वेळ ताठ उभा असलेला माणूस, त्यानं फळीची कड धरली. "फोनवर नको. मी येतो घरी. उद्या येतो."

"मागं एकदा यायला निघाला असाल तुम्ही. नाही आलात ना?" तिला त्या दाराची गोष्ट माहीत असणं शक्यच नव्हतं. तिनं आपलं अंदाजानं म्हटलं.  तिनं फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि फळीवर रुळांच्या शेजारी ठेवला.

"आई, बाबांच्या साहेबांकडं आलेय. ते बोलतायत. मधे बोलू नको, ऐक."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. "नमस्कार साहेब," असं एक थकलेला आवाज म्हणाला. काकांनी परत सगळं सांगितलं. या वेळी त्यांचा आवाज दोनदा अडकला, पण सांगितलं.  

"कामावरच होते म्हणता?" पलीकडून आईनं विचारलं.

"हो."

"कुणाचं न ऐकता नव्हते गेले?"

"नाही. माझंच ऐकून वर होते."

 मग अगदी हळू, "शेवटी काही बोलले का ते?"

काकू दारातून हातानं खुणा करायला लागल्या, सांगा, काहीतरी सांगा. खरं सांगते, मलाही वाटलं की या एका प्रश्नाला तरी यानं खोटं बोलावं. तुमचं नाव घेतलं म्हणावं, पोरीचं घेतलं म्हणावं. कुणाचं काय जाणार होतं? सुजाता काकांकडं एकटक बघत होती.

"मला माहीत नाही," काका म्हणाले. "मी वीस मिनिटांनी पोचलो."

सुजातानं डोळे मिटले. फोनमधून कुकरची वाफ ऐकू येत होती.

"साहेब, तुम्ही एकदा खोटं लिहिलंत," ती बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग शोधत होते मी, सापडत नव्हता. "मी बावीस वर्षं रोज बोललेय. फोटोपुढं मेणबत्ती लावताना पण सोडलं नाही त्यांना. ऐकलं असतंत तर पोरीला बाप राहिला असता, असं तोंडावर बोलायचे. रोज. ते सगळं आता मी कुठं परत घेऊ?"

 सुजातानं फोन उचलला नाही, बंदही केला नाही. पलीकडं तिची आई रडत होती, आणि आम्ही चौघं जिथं होतो तिथंच थांबून ते ऐकत होतो.